बेत, भरती आणि इंग्रजी क्रियापदें

इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करण्यांत आमचे विद्यार्थी सहसा कमी पडत नाहींत. ‘पुट’ म्हणजे ठेवणें आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर, हें खालच्या इयत्तेंतील मुलासही सांगतां येतें. परंतु ‘द मीटिंग इज पुट ऑफ’ हें वाक्य समोर आलें म्हणजे वरच्या वर्गांतील हुषार मुलेंही चांचपडूं लागतात. कारण येथें सभा कोणी उचलून कोठें ठेविलेली नसते, तिची तारीख लांबविलेली असते. क्रियापदाच्या मागें एक चिमुकलें अव्यय लागावें आणि मूळ अर्थ पार पालटून जावा, ही इंग्रजीची जुनीच खोड आहे. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हां परकीयांस सर्वांत जड जाणारा भाग तो हाच, असें त्यांनीं प्रस्तावनेंत लिहून ठेविलें. अशा क्रियापदांस ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं आपल्या १९२५ सालच्या ग्रंथांत योजिलें.

खरें पाहतां आपणां मराठी माणसांस ही रीत अगदींच अनोळखी नाहीं. ‘ठरवून टाकलें’ यांत कोणी कांहीं टाकीत नाहीं. ‘विसरून गेलों’ म्हणणारा कोठें जात नाहीं. आणि ‘भलतेंच बोलून बसलों’ असें सांगणारा मनुष्य खुशाल उभाही असूं शकेल! मराठींत मागून येणारें क्रियापद जें काम करतें, तेंच इंग्रजींत मागून येणारें अव्यय करतें. म्हणून ‘पुट ऑफ’ हे दोन शब्द न मानतां एकच शब्द आहे असें समजून पाठ करावें.

आतां बेतांविषयींचीं क्रियापदें घेऊं. बेताचा तपशील बसविणें म्हणजे ‘वर्क आउट’. तो कागदावर नीट मांडणें म्हणजे ‘ड्रॉ अप’. आणि तारीख तूर्त धरून ठेवणें, पण पक्की न करणें, म्हणजे ‘पेन्सिल इन’, कारण शिसपेनीचें लिहिणें खोडतां येतें. हीं सोपीं आहेत. बेत बिघडूं लागला म्हणजे खरी अडचण सुरू होते.

समजा, नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे व मुरब्याची एक होडी दर्यावर निघावयाची आहे. वारा फार म्हणून तांडेलानें आजची फेरी परवांवर नेली, तर त्यानें ती ‘पुट ऑफ’ केली. तुफानाची सूचना आल्यामुळें त्यानें फेरीच रहित केली, तर ती ‘कॉल ऑफ’ झाली. आणि बर्फ मिळाला नाहीं, खलाशी जमले नाहींत, म्हणून बेत आपोआप फिसकटला, तर तो ‘फॉल थ्रू’ झाला. पहिल्या दोहोंत ठरविणारा कोणी तरी आहे. तिसऱ्यांत कोणीच नाहीं. म्हणूनच ‘वी फेल थ्रू द प्लॅन’ असें कधींही लिहूं नये. एखाद्या खलाशानें दिलेला शब्द मोडून माघार घेतली असेल, तर त्याच्यापुरता शब्द ‘बॅक आउट’. त्यांत दोषही आला. तेव्हां हे शब्द निष्काळजीपणें योजले तर नसता दोष कोणाच्या तरी माथीं बसतो, किंवा खऱ्या दोषी मनुष्याची सुटका होते.

पालकांनींही येथें लक्ष द्यावें. बोईसर-तारापुरच्या एखाद्या कारखान्यांतून थोरल्या भावास मुलाखतीविषयीं इंग्रजी पत्र येतें, आणि घरांतील वडील माणसें तें शाळेंत जाणाऱ्या धाकट्याच्याच हातीं वाचावयास देतात. ‘पुट ऑफ’ असेल तर पुढील तारखेस जावयाचें आहे. ‘कॉल ऑफ’ असेल तर तो मार्गच खुंटला. त्या मुलानें दोहोंचा अर्थ एकच सांगितला, तर हातची नोकरी जावयाची.

याहून फसवा शब्द आमचाच ‘पुढें’ हा आहे. आपण लग्न ‘पुढें ढकलतों’, म्हणजे उशिरां करतों. विद्यार्थी ‘पुढें’ म्हणजे ‘फॉरवर्ड’ असें भाषांतर करून मोकळा होतो. पण ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे ओढणें. अर्थ नेमका उलटा! या अर्थीं हिंदुस्थानांत ‘प्रीपोन’ हा शब्द चालतो व ऑक्सफर्डच्या कोशानेंही त्यास जागा दिली आहे, तरी परदेशीं पत्र धाडतांना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ हेंच बरें. ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हटल्यास तर खुद्द इंग्रजी बोलणारांतही कोणी अलीकडचा, कोणी नंतरचा दिवस समजतात. यावर उपाय एकच: क्रियापद कोणतेंही योजा, तारीख आंकड्यांत लिहा.

व्याकरणाचे दोन नियम येथेंच सांगून टाकतों. सर्वनाम असेल तर तें मध्यें बसतें: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ हें अशुद्ध होय. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’, म्हणजे एखाद्या गोष्टीची आनंदानें वाट पाहणें, याच्यापुढें ‘सी’ न येतां ‘सीइंग’ येतें.

आमच्या किनाऱ्यावरील मुलांस एक वाक्प्रचार मात्र कोणी शिकवावयास नको. सातपाटी आणि मुरबे यांच्यामधल्या खाडींत ओहोटीच्या वेळीं होडी गाळांत रुतते. भरती येईपर्यंत थांबावें लागतें, आणि ती भरतीही रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येते. जॉन स्मिथ यांनीं १६२७ सालीं दर्यावर्दी लोकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत ‘टाइड ओव्हर’ याचा अर्थ असाच दिला आहे: अनुकूल प्रवाहाबरोबर जावें, प्रतिकूल प्रवाह सुरू होतांच नांगर टाकावा, व पुढील भरती-ओहोटीची वाट पाहावी. आज त्याचा अर्थ अडचणीचे दिवस निभावून नेणें असा झाला आहे. पावसाळ्यांत मासेमारी बंद असतां सुकी मासळी व गांठीचा पैसा कुटुंबास ‘टाइड ओव्हर’ करतात. ‘टाइड’ या शब्दाचा जुना अर्थ भरती नसून काळ हा होता. ‘ईस्टरटाइड’ म्हणजे ईस्टरचा काळ. संस्कृत ‘वेला’ शब्दही काळ, किनारा आणि भरती या तिन्हीं अर्थीं येतो, व आपली ‘वेळ’ त्याच्यापासूनच निघाली आहे.

मराठींत बेत ‘तडीस नेतात’. तड म्हणजे किनारा. यास इंग्रजींत ‘कॅरी थ्रू’ म्हणावें. ‘कॅरी आउट’ म्हणजे नुसतें अमलांत आणणें, तेव्हां हीं दोन एक समजूं नयेत.