परदेशी भागीदारीच्या प्रकल्पात आपली संस्था बसते का?

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया उभी राहते आहे. दूर अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा भारत आणि अमेरिका मिळून उभारत आहेत. हे काम आपल्या हिंगोली जिल्ह्यात आल्यापासून इथल्या महाविद्यालयांत आणि शेतकरी कंपन्यांत एक प्रश्न निघतो: परदेशी संस्थेबरोबरच्या सरकारी पैशाच्या प्रकल्पात आपल्याला भागीदार होता येते का?

होता येते. पण पात्रता तपासणारा अधिकारी आपले काम किती चांगले आहे हे नंतर बघतो. आधी बघतो ते करारावर सही कोण करणार आणि पैसा कोणाच्या खात्यातून जाणार. आपल्याकडचे बरेच चांगले प्रस्ताव याच दोन ठिकाणी अडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी लायगोचीच मांडणी बघा. मार्च 2016 मध्ये भारताचे अणुऊर्जा आणि विज्ञान-तंत्रज्ञान हे दोन विभाग आणि अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन यांच्यात सामंजस्य करार झाला, म्हणजे कोणी काय करायचे याची लेखी समजूत. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. भारताच्या बाजूने चार संस्था आहेत: पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि बांधकाम पाहणारे अणुऊर्जा विभागाचे संचालनालय. चारही सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला ठरलेले काम. निर्वात नळ्यांची यंत्रणा गांधीनगरकडे, लेसर आणि प्रकाशयंत्रणा इंदूरकडे.

अमेरिका शोधयंत्राचे मुख्य भाग देते. जागा, इमारती, नळ्या आणि माणसे भारताची. प्रत्येक देश आपला खर्च आपल्या तिजोरीतून करतो. दोन सरकारांमधले विज्ञान प्रकल्प बहुतेक याच रीतीने चालतात, आणि लहान संस्थेला सोपी वाटही हीच आहे.

आता आपल्याकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे कायदेशीर ओळख. महाविद्यालयाला स्वतःच्या नावाने करार करता येतो असे आपण धरून चालतो. खासगी अनुदानित महाविद्यालय ही बहुधा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. ती असते त्याची शिक्षण संस्था. प्रस्तावावर महाविद्यालयाचे नाव, पॅनकार्डावर संस्थेचे आणि बँकेच्या पासबुकात ‘प्राचार्य’ असे असेल, तर एकाच अर्जात तीन अर्जदार दिसतात. अर्जदार म्हणून संस्था आणि काम करणारा विभाग म्हणून महाविद्यालय असे लिहा आणि संस्थेचे नाव नोंदणीपत्रात आहे तसेच ठेवा. ‘मंडळ’च्या जागी ‘संस्था’ लिहिले तरी हरकत निघते.

दुसरी पायरी सहीची. न्यासाची, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टची, निवडणूक होते, नवे अध्यक्ष-सचिव येतात. बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो; आपण त्याला चेंज रिपोर्ट म्हणतो. तो राहून गेला, किंवा वादात अडकला, तर परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, जुनीच नावे राहतात आणि नव्या सचिवांच्या सहीला कागदावर आधार उरत नाही. पात्रता गमावण्याचे याहून वाईट कारण नाही, कारण काम करणाऱ्या प्राध्यापकाचा त्यात काहीच दोष नसतो. प्रस्ताव लिहायला घेण्याआधी परिशिष्टाची ताजी प्रत काढून ठेवा.

तिसरी पायरी पैशाच्या वाटेची. जागतिक बँकेच्या कर्जावर चालणारा पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हिंगोलीत आपल्याला माहीत आहे. तिथला पैसा राज्य सरकारमार्फत येतो, म्हणून पात्रताही राज्याच्या नियमांनी ठरते. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था परदेशी देणगीच्या कायद्यात ‘परदेशी स्रोत’ धरल्या जात नाहीत.

परदेशी विद्यापीठ किंवा संस्था आपल्याला थेट अनुदान देणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे परदेशी अंशदान (विनियमन) कायदा 2010 लागू होतो; सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. नोंदणीसाठी संस्था किमान 3 वर्षे चाललेली हवी आणि मागच्या 3 आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला हवा. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. संस्था नवी असेल तर एका देणगीदाराच्या एका ठरलेल्या कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते.

सर्वांत जास्त फसगत होते ती पुढच्या मुद्द्यावर. पुण्या-मुंबईची मोठी संस्था म्हणते, “आमची नोंदणी आहे, पैसा आम्ही घेतो, तुमचा वाटा तुम्हाला पाठवतो.” सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीपासून हे चालत नाही. परदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण मनाई आहे, घेणाऱ्या संस्थेची स्वतःची नोंदणी असली तरीही. असा भागीदारीचा मसुदा पुढे आला तर त्यावर सही करू नका.

वसमतच्या हळदीचे उदाहरण घ्या. समजा, जर्मन प्रयोगशाळेला कुरकुमिनच्या तपासणीसाठी हळदीचे नमुने हवे आहेत. शेतकरी उत्पादक कंपनी नेहमीच्या व्यवहारात नमुने विकते आणि बिल करते, तर ती मालाची किंमत झाली, देणगी नव्हे. पण मग ती कंपनी पुरवठादार ठरते, भागीदार नव्हे. भागीदाराच्या वाट्याला कामाची जबाबदारी, स्वतःचा खर्च आणि निष्कर्षांवरचा हक्क येतो. आपल्याला यातले काय हवे हे सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदलणे फार अवघड जाते.

भागीदारच व्हायचे असेल तर भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राची ‘दोन अधिक दोन’ योजना बघा. दोन्ही देशांतून प्रत्येकी एक संशोधन संस्था आणि एक उद्योग, असे चौघे लागतात. उद्योगाला खर्चाचा काही भाग स्वतः उचलावा लागतो. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे. संशोधनाची बाजू तिथे विचारावी.

युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-निधी योजनेत नियम आणखी कडक. तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था हव्यात. एक तरी सदस्य देशातली आणि बाकीच्या दोन सदस्य किंवा सहयोगी देशांतल्या. भारतीय संस्था या तिघांत मोजली जात नाही. ती चौथी म्हणून येऊ शकते, पण युरोपचा पैसा तिला आपोआप मिळत नाही. कधी आपले केंद्र सरकार एखाद्या आवाहनापुरता, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेपुरता, भारतीय वाटा उचलते. आवाहनाच्या कागदात भारताचे नाव कुठे आणि कशासाठी आले आहे, ते ओळीवर बोट ठेवून वाचा.

दोन देशांच्या योजनांत अर्ज दोन्हीकडे जावा लागतो: आपला आपल्या विभागाकडे, त्यांचा त्यांच्या संस्थेकडे. एकाने पाठवला आणि दुसऱ्याचा राहिला, तर दोन्ही बाद. शीर्षक, कालावधी आणि भागीदारांची नावे दोन्ही अर्जांत एकसारखी ठेवा, आणि पाठवल्याची पोच एकमेकांकडून मागून घ्या.

प्रमुख संशोधकाची निवृत्तीही पाहावी लागते. बहुतेक योजनांत तो नियमित नोकरीत असावा लागतो आणि प्रकल्प संपेपर्यंत सेवेत राहणारा हवा. ज्येष्ठ म्हणून ज्यांचे नाव पुढे केले ते दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, तर तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी तरुण सहकाऱ्याला प्रमुख करा आणि ज्येष्ठांना सहसंशोधक म्हणून घ्या.