उत्तर गुरुजींनाही ठाऊक नसलेले प्रश्न

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत, आत तेरा दालनं. शाळेच्या सहलीला याहून जवळची आणि समृद्ध जागा मानोरा तालुक्यातल्या मुलांना मिळणार नाही. पण सहल म्हटली की आपल्याकडे रांगेने आत, रांगेने बाहेर आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा दहा ओळींचा निबंध. फळ्यावरून उतरवलेला.

खरं तर तिथे दिसणारा बंजाऱ्यांच्या लदेणीचा, म्हणजे बैलांवरच्या मालवाहतुकीचा इतिहास म्हणजे गणिताचं अख्खं पुस्तक आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे मुलुखच्या मुलूख पालथे घालत. किती बैल, किती गोणी, पुढचं पाणी किती कोसांवर, पावसाळ्यात मुक्काम कुठे टाकायचा, वाटेत बैल दगावले तर त्यांचा माल कुणाच्या पाठीवर चढवायचा, हे सगळं तांड्याच्या नायकाला रोज सोडवावं लागे. यातल्या कशाचंही उत्तर मागच्या पानावर छापलेलं नव्हतं. आगगाडी आली आणि हा व्यापार बुडाला. हिशेबाची ती रीत शाळेपर्यंत मात्र कधी पोचलीच नाही. मुलांची कल्पकता वाढवायची, त्यांना अडचणी सोडवायला शिकवायचं, अशी भाषा आता प्रत्येक परिपत्रकात असते. तिच्या खरेपणाची माझी कसोटी साधी आहे : आठवडाभरात वर्गात असा एक तरी प्रश्न विचारला गेला का, ज्याचं उत्तर गुरुजींनाही आधी ठाऊक नव्हतं?

या कसोटीवर महाराष्ट्रातले गेल्या नव्वद वर्षांतले प्रयोग तपासण्याजोगे आहेत. सुरुवात विदर्भातूनच झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ आकाराला आली. हातातल्या कामातून विषय शिकायचा, हे तिचं सूत्र. टकळीवर सूत कातताना वजन, लांबी, वेळ, कापसाची जात, बाजारभाव हे सगळं ओघानेच येतं. पुढे सरकारी शाळांत सूतकताईचा तास राहिला आणि त्यातले प्रश्न गळाले. सेवाग्रामला २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा नव्याने सुरू झाली आणि तो धागा पुन्हा हाती घेतला गेला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. आपण अशा वेळी पालकांना दोष देऊन मोकळे होतो. या दोघी शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा ही मला आपल्या शिक्षणातली सगळ्यात कल्पक गोष्ट वाटते, कारण इथे अडचण सोडवायला मुलांच्या आधी शिक्षिका बसल्या. अडचणीला कसं भिडायचं, हे मूल मोठ्यांना पाहूनच शिकतं.

शहरातल्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूरला सृजन आनंद विद्यालय काढलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. दोन्हीकडे मुलाच्या स्वतःच्या बोलण्या-लिहिण्याला मान मिळाला. या शाळा मोलाच्या आहेत, पण ‘अशा शाळा तिकडेच चालतात’ म्हणून हात झटकायला त्यांचा उपयोग फार झाला, हेही खरं.

पाबळचा विज्ञान आश्रम मात्र खेड्यातलाच. डॉ. श्रीनाथ कलबाग कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात आले. तिथली मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, माती परीक्षण, शेती असं सगळं करत शिकली आणि शिकता शिकता गावाची कामंही करू लागली. बिघडलेला पंप वर्गात आला की कुणालाच उत्तर आधी माहीत नसतं. २००२ मध्ये इथेच, अमेरिकेतल्या एमआयटीच्या आवाराबाहेर निघालेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक उभी राहिली.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ पासून तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम चालला. मुलं प्रयोग करून निष्कर्ष काढत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा असे. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला मुलं पत्रातून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. आपल्याकडे अशा गोष्टी बंद पडायला त्या फसाव्याच लागतात असं नाही.

अलीकडचं सांगायचं तर सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावाद रुजला. मुलं गटात बसून खडे, बिया, काड्या हाताळत शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. घरी परतताना बहुतेकांनी सोबत नेली ती रंगवलेली फरशी. वर्षभरात गावोगाव वर्गांच्या जमिनी रंगल्या, मुलं त्या आकृत्यांभोवती बसली आणि गुरुजी पुन्हा विचारू लागले, ‘सांगा, सात अधिक पाच किती?’

हेच दहावीच्या कृतिपत्रिकेचं झालं. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, त्यात ‘स्वमत’ आलं. हेतू चांगला होता. थोड्याच दिवसांत गाइडमध्ये स्वमताची तयार उत्तरं छापून आली. आता मुलं दुसऱ्याचं स्वमत पाठ करतात! विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी आणि स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळणारी प्रकल्प वही त्याच घरातली.

रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा फार झाली. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मुलींची घरची भाषा कन्नड. डिसले गुरुजी ती भाषा शिकले आणि पाठ्यपुस्तकं तिच्यात उतरवली. पोहरादेवीच्या परिसरासाठी शिकण्याजोगं आहे ते हे. तांड्यावरचं पोर घरी गोरबोली बोलतं. आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी. पहिलीत बसल्यावर त्याला सुचलेलं सांगायला शब्द सापडत नाहीत, ते गप्प राहतं आणि आपण त्याच्या नावापुढे ‘अबोल’ लिहितो. त्याची कल्पकता तिथेच दाराबाहेर राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. पुस्तकं येतील तेव्हा येतील. मुलांना गटात गोरबोलीत भांडू द्यायला, वाद घालू द्यायला आणि मग निष्कर्ष तेवढा मराठीत मांडायला लावायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.

साहित्यही इथे हाताशी आहे. सममिती शिकवताना पुस्तकात फुलपाखरू असतं. तांड्यातल्या आजीची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) वर्गात आणली, तर आभले, कवड्या आणि टाक्यांच्या चौकटींत आरशातली सममिती, फिरती सममिती, पुनरावृत्ती सगळं दिसतं. एक चौकट अर्धी झाकून पुढची नक्षी मुलांनी ओळखायची. आजीलाच वर्गात बसवलं तर आणखी बरं, कारण ती कागदावर न आखता हे कसं बेतते, ते गुरुजींनाही शिकायचं असतं.

आणि रामनवमीची यात्रा आहेच. सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला देशभरातून बंजारा लोक येतात. किती येतात? प्रत्येकाचा आकडा वेगळा. सहावी-सातवीच्या मुलांना हाच प्रश्न द्यावा. रस्त्यावर एक रेघ मानून दहा मिनिटांत किती माणसं ओलांडतात ते मोजायचं. सकाळ, दुपार, रात्र वेगळी धरायची. एकच माणूस दोनदा मोजला गेला असेल तर काय करायचं, यावर डोकं खाजवायचं. दोन गटांची उत्तरं जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावरची चर्चा हाच खरा पाठ. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात : चैत्राच्या उन्हात इतक्यांना पिण्याचं पाणी किती लागेल, नळ किती, कचरा कुठे जातो?

यातली खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांतून उरलेल्या वेळात त्याने कल्पक व्हावं, अशी आपली अपेक्षा. दुसरी अडचण मुलांच्या हजेरीची. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर पोरंही जातात; हंगामी वसतिगृह निघालं तर काही मागे राहतात. यात्रेचा हंगाम वार्षिक परीक्षेच्या तोंडाशी येतो, ही तिसरी. पण नियम वाटतो तितका आडवा येत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात २०१० पासून आकारिक नोंदींसाठी निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं दिलेलीच आहेत. यात्रेतल्या मोजणीचं टिपण किंवा कांचळीवरून काढलेली आकृती त्या रकान्यात रीतसर बसते. त्यासाठी केंद्रप्रमुखांची वेगळी परवानगी लागत नाही, आणि पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा सुरू झाली तरी तो रकाना तसाच आहे. बहुतेक शाळांत तो वर्षाअखेरीस एका बैठकीत भरला जातो.