परसातील खाजकुइली आणि जयणा

दिवाळीनंतर कोरडा वारा वाहू लागला, की गोदामामागे किंवा परसात खेळणारी मुले कधी कधी अंग खाजवत घरात येतात. वडीलधारी मंडळी घामोळे, पित्त असे निदान करतात. मूळ कारण मात्र कुंपणावर लोंबत असते. ते म्हणजे खाजकुइली.

घेवड्यासारखी त्रिदली पाने असलेली ही वेल पावसाळ्यात कुंपणावर चढते. पावसाळ्याच्या अखेरीस तिला गर्द जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. हिवाळ्यात धरणाऱ्या वाकड्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते. खाज येते ती या लवेमुळे, पानांमुळे नव्हे. स्पर्शाने किंवा वाऱ्याने सुटलेले सूक्ष्म केस त्वचेत रुततात आणि त्यांतील म्युक्युनेन नावाचे द्रव्य तीव्र खाज उत्पन्न करते. खाजकोलती ही वेल निराळी. तिची पाने एकेकटी व दातेरी असून पानांचा व खोडाचा स्पर्शही दाहक असतो.

आयुर्वेदात खाजकुइलीला ‘आत्मगुप्ता’ म्हणतात. स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी, हा त्या नावाचा अर्थ. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे जैन घरात मुलांनाही ठाऊक असते. मग तो उपटावा, की मुलांना होणारा त्रास सोसावा? गृहस्थाच्या अणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. स्थावर जीवांच्या बाबतीत शक्य तितकी मर्यादा पाळणे अपेक्षित आहे. येथे मर्यादा म्हणजे केवळ जाण्यायेण्याच्या वाटेवरची वेल काढणे. जेथे कोणाचा वावर नाही, तेथील वेलीला हात लावण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी मर्यादा काळाची. मागील वर्षी जेथे शेंगा तडकल्या, तेथेच मृगाच्या पावसानंतर रोपे उगवतात. चौमासी चौदसीपूर्वी दोन-चार कोवळी रोपे हाताने काढली, तर काम तेवढ्यावर भागते. चातुर्मासात हिरवे न तोडण्याचा नियम असलेली घरे हा काम कार्तिकी पौर्णिमेनंतर हाती घेतात, तेव्हा वेलीवर शेंगा धरलेल्या असतात. थकलेल्या कर्जावर व्याज चढावे, तसा हा विलंब महाग पडतो.

शेंगा धरल्याच असतील, तर वारा नसलेल्या सकाळी काम करावे. प्रथम वेलीवर मुंग्या, कीटक किंवा पाखरांचे घरटे नाही ना, हे पाहावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व चष्मा घालावा. लव उडू नये म्हणून शेंगांवर गाळलेले पाणी शिंपडावे आणि त्या कापून थेट जाड पिशवीत टाकाव्यात. वेल जाळू नये, तणनाशकही फवारू नये. त्यांत असंख्य जीवांचा घात होतो.

अंगाला लव लागल्यास चोळू नये. चोळल्याने केस अधिक रुततात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी, मग त्वचा धुवावी आणि कपडे वेगळे धुवावेत. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

या वेलीच्या बियांत लेव्होडोपा हे कंपवातावर वापरले जाणारे द्रव्य असते. मात्र वैद्यांच्या सल्ल्याविना त्या सेवन करू नयेत. पीडा देणाऱ्या जिवातही उपकार दडलेला असतो. म्हणूनच त्याच्याशी वैर न धरता, वेळीच आणि गरजेपुरतेच वागणे, हीच जयणा.