छडी आणि बायबल : ऐकीव काय, खरे काय?

बदली होऊन चेन्नईला गेलेले मराठी कुटुंब मुलांसाठी शाळा शोधू लागले की चर्चच्या शाळांची नावे लगेच पुढे येतात आणि त्यासोबत ठरलेले वाक्यही येते : ‘तिथे शिस्त कडक, त्यांच्या धर्मातच आहे ते.’ अनेक ख्रिस्ती घरांतही हीच समजूत असते. पट्टा किंवा रूळ हातात घेताना बायबलचा हवाला दिला की पुढचे प्रश्न थांबतात. पण मूल मार खात असेल तर प्रश्न थांबता कामा नयेत. म्हणून या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : ‘छडी आवरली की मूल बिघडते’ हे बायबलचे वाक्य आहे.

वस्तुस्थिती : जगभर पाठ झालेली ही इंग्रजी म्हण सॅम्युएल बटलर या कवीच्या ‘ह्युडिब्रास’ या 17 व्या शतकातील विडंबनकाव्यातून रूढ झाली. छडीचा उल्लेख बायबलमध्ये नाही, असे मात्र नाही. जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या पुस्तकात 13, 22, 23 आणि 29 या अध्यायांत मुलाच्या संदर्भात छडी येते आणि तेथे तिची बाजूच घेतलेली आहे. हे लपवून चर्चा करणे प्रामाणिकपणाचे नाही.

मात्र नीतिसूत्रे हा अनुभवी वडीलधाऱ्यांच्या शहाणपणाचा संग्रह आहे, कायद्याची संहिता नव्हे. त्याच पुस्तकात 26 व्या अध्यायात मूर्खाच्या पाठीसाठीही छडी सांगितली आहे, पण ती आज्ञा मानून कोणी मोठ्या माणसाला बडवत नाही. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात हट्टी, बंडखोर मुलाला दगडमार करण्याचा नियम आहे. तोही कोणतीच मंडळी पाळत नाही. म्हणजे प्रत्येक ख्रिस्ती वाचक शास्त्र वाचताना काळाचे भान ठेवतोच. मग छडीच्या ओळींपाशीच ते का सुटावे?

गैरसमज २ : येशूची शिकवणही हेच सांगते.

वस्तुस्थिती : चार शुभवर्तमानांत मुलाला मारण्याचा उपदेश येशूच्या तोंडी एकदाही नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात शिष्य मुलांना दूर हाकलतात. तेव्हा येशू रागावतो तो शिष्यांवर. मुलांना तो जवळ घेतो, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याला त्याने दिलेला इशारा अत्यंत कठोर आहे.

नव्या करारातल्याच इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत मुलांना आज्ञापालन सांगितले आहे, पण लगेच बापांनाही बजावले आहे की मुलांना चीड आणू नका, त्यांची उमेद खचू देऊ नका. ज्या रोमन जगात बापाच्या सत्तेला फारशी मर्यादा नव्हती, तिथे हे सांगणे मोठे होते. उपदेशात पहिला भाग ऐकू येतो आणि दुसरा बहुधा राहून जातो.

गैरसमज ३ : मारण्याला विरोध हे आधुनिक, पाश्चात्त्य खूळ आहे.

वस्तुस्थिती : चौथ्या शतकातले धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम यांनी मुलांच्या संगोपनावर लिहिताना सतत मारण्याविरुद्ध सल्ला दिला होता, कारण माराची सवय झालेले मूल त्याला जुमानत नाही. 11 व्या शतकातले संत अन्सेल्म यांच्याकडे एका मठाधिपतीने तक्रार केली : मठातल्या मुलांना रात्रंदिवस मारतो, तरी ती बिघडतच जातात. अन्सेल्मनी त्याला विचारले, की रोप चारही बाजूंनी आवळून ठेवले तर काही वर्षांनी कसले झाड हाती येईल?

चेन्नईचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. 1789 मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते अँड्र्यू बेल हे अँग्लिकन धर्मगुरू. स्थानिक शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत उचलली. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे, ही त्यांची पद्धत पुढे ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडभर पसरली.

तिची शिस्तीची बाजू मात्र विसरली गेली. मुलांच्या चुका एका काळ्या वहीत नोंदवल्या जात. ती वही ठरल्या वेळी सर्वांसमोर वाचली जाई आणि मुलांमधलेच पंच निवाडा करत. शिक्षा पुष्कळदा सौम्य होई किंवा माफही होई. महिनोन्महिने कोणालाच शिक्षा करावी लागली नाही, असे बेल यांनी 1797 च्या आपल्या अहवालात नमूद केले. चारचौघांत चुका वाचून दाखवणे आज आपल्याला पटणार नाही. तरी छडी हाच शिस्तीचा आधार नसतो, हे एका पाद्र्याने याच शहरात सव्वादोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

गैरसमज ४ : शाळेत मारणे मिशनऱ्यांनी आणले.

वस्तुस्थिती : मिशनच्या शाळांत छडी होती, हे खरे. पण तमिळनाडूतल्या ओट्यावरच्या जुन्या ‘तिण्णै’ शाळांत मुलाला दोरीला लोंबकळत ठेवण्याची ‘कोदंडम’ नावाची शिक्षा होती, आणि आपल्या पंतोजींच्या शाळेतले अंगठे धरणे कोणाला माहीत नाही? ‘मार जितका उपयोगी पडतो, तितका सख्खा भाऊही पडत नाही’ अशा अर्थाची तमिळ म्हण चेन्नईत सर्व धर्मांच्या घरांत ऐकू येते. केंद्र सरकारच्या 2007 च्या बालशोषण अभ्यासात 13 राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 65 टक्क्यांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. मारणे ही आपल्या सगळ्यांची सवय आहे. धर्म तिला नंतर आधारासाठी जोडला जातो.

गैरसमज ५ : मारले नाही म्हणजे लाड केले.

वस्तुस्थिती : इटलीतल्या तुरिनमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉन बॉस्को यांनी 1877 मध्ये आपली ‘प्रतिबंधक पद्धती’ लिहून काढली. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. नियम मुलांना आधी समजावून सांगायचे आणि शिक्षकाने खेळाच्या मैदानावरही मुलांत असायचे, म्हणजे चूक घडण्याआधीच सावरता येते. यात मोठ्यांचे कष्ट वाढतात, कमी होत नाहीत. डॉन बॉस्कोंच्या सलेशियन संघाची एग्मोरमधली शाळा 1958 पासून चालू आहे, आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी याच संघाचे ‘अन्बु इल्लम’ हे काम चेन्नईत चालते.

माराने मूल सुधारते का, यावर 2016 मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी सुमारे 1 लाख 60 हजार मुलांवरील अभ्यास एकत्र तपासले. मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास अधिक आढळला, आईवडिलांशी नाते कमकुवत आढळले. चांगल्या वागणुकीशी माराचा संबंध दिसला नाही.

गैरसमज ६ : अल्पसंख्याकांच्या शाळेला कायदा लागू नाही.

वस्तुस्थिती : या समजाला एक कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळावर बंदी घातली, पण 2014 च्या ‘प्रमती’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. म्हणून मारण्याची मुभा मिळाली असे नाही. बाल न्याय कायदा, 2015 चे कलम 75 मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू होते. क्रूरतेसाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तमिळनाडूने 2003 मध्येच आपल्या शिक्षण नियमांत बदल करून मुलांना शारीरिक वा मानसिक वेदना देणारी शिक्षा बंद केली. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शारीरिक शिक्षा रोखण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी करा, असे राज्य सरकारला बजावले.

धर्मस्वातंत्र्याचा युक्तिवाद दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती शाळांनी करून पाहिला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2000 मध्ये तो फेटाळला. घरातल्या मारावर मात्र भारतात अजून सरसकट बंदी नाही. तिथे कायद्याआधी आपले मनच जागे व्हावे लागते.

मग काय करावे?

ख्रिस्ती मंडळींत या विषयावर एकमत नाही. अमेरिकेत जेम्स डॉब्सन यांनी 1970 मध्ये फटके देण्याचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले, तर तिथल्याच युनायटेड मेथडिस्ट चर्चने 2004 मध्ये त्याविरुद्ध ठराव केला. म्हणजे श्रद्धा न सोडताही छडी टाकता येते. पालकांनी प्रवेश घेतानाच शाळेला विचारावे : चूक झाली तर तुम्ही काय करता? तक्रार कोणाकडे करायची? पाळकांनी त्या पत्रांतला बापांसाठीचा उपदेशही मुलांसाठीच्या उपदेशाइतक्याच आवाजात वाचावा. आणि एखादे मूल मार खाताना दिसले तर 1098 हा बालमदत क्रमांक फिरवावा. शिस्त लावणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे, पण ती लावण्यासाठी मुलाच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार येशूने कोणालाही दिलेला नाही.