एका भाकरीचा कोटा

सांगोल्यात डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना बाग ताणावर सोडायची. पानं पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. तेही बेतानं. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाजलं तर हातची कळी जाते.

माणसाच्या शरीरालाही शस्त्रक्रियेआधी असाच ताण देता येईल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला आहे. का, ते कळायला मूत्रपिंडाचा हिशेब पाहावा लागेल.

दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम 300 ग्रॅम. त्यांतून मिनिटाला साधारण 1 लिटर रक्त वाहतं. तासाला 60 लिटर, दिवसाला 1,440, आठवड्याला 10,080. म्हणजे उन्हाळ्यात वाडीवस्तीवर येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आठवड्याला एक, बारा महिने, न चुकता! त्यातून रोज 180 लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. बाकी सगळं परत शरीरात. पाण्याची एवढी काटकसर आमच्या दुष्काळी भागालाही जमलेली नाही.

हे चालतं एटीपी नावाच्या इंधनावर. शरीरात एका वेळी ते असतं 50 ग्रॅमच्या आसपास, आणि दिवसभरात लागतं जवळजवळ आपल्या वजनाइतकं. म्हणून तेच रेणू दिवसात हजारभर वेळा मोडतात आणि पुन्हा जोडले जातात. साठा असा नाहीच. रोजची मजुरी, रोजची चूल. प्रत्यारोपणात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत एखाद्या अवयवाचं रक्त थांबलं की काही मिनिटांत चूल विझू लागते. गंमत म्हणजे (रुग्णासाठी गंमत कसली!) बरंचसं नुकसान रक्त परत सुरू होताना होतं. ऑक्सिजनचा लोंढा येतो आणि उपाशी पेशींची जाळपोळ होते. पहिलं पाणी बेतानं का द्यायचं, ते इथं कळतं.

आता उंदीर. 2012 साली हार्वर्डच्या संशोधकांनी काही उंदरांच्या आहारातून ट्रिप्टोफॅन हे एकच अमिनो आम्ल 6 ते 14 दिवस काढून टाकलं. प्रथिनं बनतात 20 अमिनो आम्लांपासून. त्यातलं हे एक. मग त्यांच्या मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा रक्तपुरवठा काही काळ रोखून पुन्हा सुरू केला. नेहमीचं खाणारे उंदीर 40 टक्क्यांच्या आसपास मेले. ट्रिप्टोफॅन तोडलेले सगळे जगले. विसातली एक वीट कमी पडताच पेशी बांधकाम थांबवते आणि डागडुजीला लागते, असं दिसतं. वीट कमी पडल्याची वर्दी देणारं जीसीएन-2 हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हतं, त्यांना या ताणाचा फायदा झाला नाही.

माणसांत रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडदात्यांना शस्त्रक्रियेआधी 5 दिवस 30 टक्के कमी उष्मांक आणि 80 टक्के कमी प्रथिनं दिली. हे 80 टक्के म्हणजे किती? साठ किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. उरली 10 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात तेवढीच असतात. एक मोठी भाकरी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला. वर पिठलं नाही, मटकी नाही, ताक नाही. एकादशीची खिचडी चालेल म्हणावं, तर साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, पण मूठभर शेंगदाण्याचं कूट त्या 10 ग्रॅमचा फडशा पाडतं.

दात्यांना ते पाच दिवस झेपले. पण माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत आणि जगात शस्त्रक्रिया होतात वर्षाला 31 कोटींच्या वर. या कोट्यवधींमध्ये कुपोषित माणसंही आहेत; त्यांना आधी खाऊपिऊ घालून सशक्त करावं लागतं. मुळी धरण्याआधीच रोप ताणावर सोडणारा बागायतदार सांगोल्यात सापडणार नाही. ऑपरेशननंतर जखम भरायला तर प्रथिनं भरपूरच लागतात.

तेव्हा आपल्या मनानं ताण धरू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मुळीच नाही. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जेवायचं आणि पाणी कधीपर्यंत प्यायचं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून घ्या.