ना दळण, ना कापड. मग शिवडीच्या पत्त्यात 'मिल' का? एका छोट्या इंग्रजी शब्दाची मोठी गोष्ट

शिवडी स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, टी. जे. रोड धरायचा आणि कुणालाही विचारायचं, "स्वान मिल कुठे आली?" उत्तर लगेच मिळतं. पण बोट दाखवलेल्या दिशेला बघितलं तर भोंगा नाही, साचे नाहीत, पाळी सुटल्यावरची गर्दी नाही. तिथे उभ्या आहेत उंच इमारती. गिरणीच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेली घरंही त्यात आहेत.

मिल गेली, 'मिल' हा शब्द मात्र पत्त्यात राहिला.

हे फक्त शिवडीत झालेलं नाही. लोअर परळला पार्टीला जाणारे 'कमला मिल'ला जातात. दादरला बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय ती जागा आजही 'इंदू मिल' म्हणूनच ओळखली जाते. मॉलला जाणाऱ्यांच्या तोंडी नुसतंच 'फिनिक्स' असतं, पण तीसुद्धा एके काळची फिनिक्स मिलच.

आता गंमत बघा. इंग्रजीत 'मिल' या शब्दाचा मूळ अर्थ आहे दळण्याचं यंत्र. मुंबईच्या मिलमध्ये तर सूत निघायचं, कापड निघायचं. मग कापडाच्या कारखान्याला दळण्याचं नाव कुणी दिलं?

सुरुवात झाली जात्यापासून

लॅटिन भाषेत जात्याच्या दगडाला 'मोला' म्हणायचे आणि दळण्याला 'मोलेरे'. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये दळण्याच्या जागेसाठी 'मोलिना' असा शब्द आला. तो जुन्या इंग्रजीत 'मिलेन' झाला, मग शेवटचा 'न' गळाला आणि उरली 'मिल'.

या घराण्यातले बाकीचे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर 'मोलर' हा शब्द कानावर पडतो. मोलर म्हणजे दाढ, तोंडातलं जातं. क्रिकेटमधला डेव्हिड मिलर, फुटबॉलमधला थॉमस म्युलर आणि संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर या तिघांच्या आडनावांचा अर्थ एकच, गिरणीवाला. पॅरिसचं प्रसिद्ध 'मुलाँ रूज' म्हणजे लाल पवनचक्की.

मग दळणाचं कापड कसं झालं?

याचं उत्तर आहे पाण्याच्या चाकात.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ओढ्या-नद्यांवर पाणचक्क्या होत्या. १०८६ साली तिथल्या राजाने देशभरातल्या मालमत्तेची मोजदाद करून घेतली, तेव्हा अशा सुमारे ६ हजार चक्क्यांची नोंद झाली. पाण्याने चाक फिरायचं, चाकामुळे दगड फिरायचा आणि पीठ पडायचं.

पुढे लोकांच्या लक्षात आलं की चाक फिरतंच आहे, तर त्याला दगडाऐवजी दुसरं काहीही जोडता येईल. कुणी हातोडे जोडून लोकरीचं विणलेलं कापड कुटून घट्ट केलं. कुणी करवत जोडून लाकूड कापलं. कुणी चिंध्या कुटून कागदाचा लगदा केला. काम बदललं, पण फिरणारं चाक तेच होतं. त्यामुळे नावही तेच राहिलं. सॉ मिल, पेपर मिल हे शब्द असे आले.

१७७१ साली रिचर्ड आर्कराइटने इंग्लंडमधल्या क्रॉमफर्ड गावात सूतकताईचा कारखाना सुरू केला. त्याची यंत्रं पाण्याच्या चाकावर चालायची, म्हणून तोही 'मिल' झाला. तिथून कॉटन मिल हा शब्द जगभर पसरला.

मुंबईत हा शब्द पोचला तेव्हा पाण्याचं चाकही मागे पडलं होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली. ती वाफेच्या इंजिनावर चालायची. म्हणजे पीठ नाही, दगड नाही, ओढा नाही, तरी नाव मिलच.

मराठीनेही तेच केलं

हिंदीत पीठ दळून मिळतं ती 'चक्की' आणि कापड तयार होतं ती 'मिल'. मराठीत मात्र "गिरणीत दळण टाकून येतो" म्हणतो तीही गिरणी आणि परळ-लालबागच्या माणसाने आयुष्य घालवलं तीही गिरणीच. इंग्रजीत 'मिल' शब्दाने जशी दोन्ही कामं केली, तशीच मराठीत 'गिरणी'ने केली. त्यातूनच 'गिरणगाव' हा शब्द तयार झाला आणि शिवडी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी असा सगळा पट्टा त्यात आला.

कामगारांच्या संघटनांच्या नावांतही हे दोन्ही शब्द दिसतात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात उभी राहिली ती 'गिरणी कामगार युनियन', तर नंतर आलेला 'राष्ट्रीय मिल मजदूर संघ'.

काम बदलल्यावरही जुनं नाव चालू राहण्याचं आणखी एक मराठी उदाहरण साताऱ्याच्या डोंगरावर आहे. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर दिसतात त्या पवनचक्क्या. चक्की म्हणतो खरं, पण तिथे एक दाणाही दळला जात नाही. तयार होते ती वीज.

एक शब्द, अर्थ किती?

चाक फिरत राहिलं, तसे 'मिल'चे अर्थही वाढत गेले.

*मिलिंग मशीन:* आयटीआय केलेल्यांना हे सांगायला नको. फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र.

*नाण्याची कड:* नाण्याच्या कडेला बारीक रेघा असतात, तिला इंग्रजीत 'मिल्ड' कड म्हणतात. सोन्या-चांदीची नाणी चालायची तेव्हा लोक कडा तासून धातू काढून घ्यायचे. रेघा असल्या की तासलेलं लगेच कळायचं.

*रन ऑफ द मिल:* म्हणजे अगदी साधारण, नेहमीचं. मिलमधून निघालेला, प्रतवारी न केलेला सरसकट माल म्हणजे 'रन ऑफ द मिल'. नंतर तो शब्द माणसांना आणि सिनेमांनाही लागू झाला.

*रूमर मिल:* अफवांचा कारखाना. फॅमिली ग्रुपवर सकाळी सहा वाजता जे फॉरवर्ड येतं, ते इथलंच उत्पादन.

*ट्रेडमिल:* १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडमधल्या कैद्यांसाठी एक मोठं चाक तयार केलं. कैदी तासन् तास त्याच्या पायऱ्या चढत राहायचे, चाक फिरायचं आणि त्यावर धान्य दळलं जायचं किंवा पाणी उपसलं जायचं. ती शिक्षा होती. आज गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये जिम असते, तिथे लोक पैसे भरून ट्रेडमिलवर चालतात.

दिसायला सारखे, पण नात्यातले नाहीत

इंग्रजीत आणखी एक 'मिल' आहे. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण घराणं वेगळं. लॅटिनमध्ये हजाराला 'मिले' म्हणतात. त्यावरून अमेरिकेच्या १७९२ च्या नाणे कायद्यात डॉलरच्या हजाराव्या भागाला 'मिल' हे नाव आलं. तिथला मालमत्ता कर आजही अनेक ठिकाणी या मिलमध्ये मोजतात.

हे घराणं मराठीतही येऊन राहिलंय. मिलीमीटर, औषधाच्या बाटलीवरचं 'मिली' आणि मिलियन व्ह्यूजमधला मिलियन, सगळे त्यातलेच. रस्त्यावरचा 'मैल'सुद्धा! रोमन सैनिकांची हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल.

आणि तिसरा 'मिल' आपल्याच घरातला. संस्कृतमध्ये 'मिल्' हा धातू आहे, अर्थ भेटणं, एकत्र येणं. त्यावरून हिंदीत 'मिलना' आलं, मराठीत 'मिलन' आणि 'मिळणं'. इंग्रजी मिलशी त्याचा संबंध नाही.

पण गिरणगावात हे दोन शब्द शेजारी शेजारीच येतात. मिलच्या जागेवर घर मिळणार का, हा तिथला खूप जुना प्रश्न आहे.

हा शब्द कागदावर असणं का महत्त्वाचं?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या. जमिनींचा विकास सुरू झाला, तेव्हा त्यातला काही वाटा कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवण्याचा नियम आला. त्या घरांची म्हाडाने काढलेली पहिली सोडत २०१२ सालची, ६,९२५ घरांची.

या घरांसाठी ५८ गिरण्यांचे कामगार किंवा त्यांचे वारस अर्ज करू शकतात. मुख्य अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असला पाहिजे. म्हणजे तारीख संपाच्या आधीची आहे, त्यामुळे संपात उतरलेला कामगार बाहेर राहत नाही.

हे सिद्ध करायला कागद लागतो. मिलचं ओळखपत्र, लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयसीचा नंबर, यातलं काहीतरी. अर्ज करणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे आणि घरं त्या मानाने फारच थोडी. त्यामुळे कोकणात, घाटावर अनेक घरांत आजोबांच्या ट्रंकेतलं ते पिवळं पडलेलं कार्ड अजून जपून ठेवलेलं असतं.

दळण्याचा दगड गेला, पाण्याचं चाक गेलं, वाफेचं इंजिन गेलं, शेवटी कापडही गेलं. हॉटेलच्या पाटीवर 'मिल' लिहिलेलं असतं तेव्हा तो फक्त जागेचा पत्ता असतो. ट्रंकेतल्या त्या कार्डावर तोच शब्द असला, तर त्यावर एका कुटुंबाचं मुंबईतलं घर अवलंबून असतं.

तुमच्याही घरात असं एखादं कार्ड असेल, तर रद्दीत टाकण्याआधी त्यावर कुठल्या मिलचं नाव आहे ते नक्की वाचा.