डब्यावर कॅमेरा छापता, मग मुदत का छापत नाही?

गेल्या महिन्यात घरातला फोन बंद पडला म्हणून आम्ही नवा घ्यायला गेलो. खिशात दहा हजार रुपये. काऊंटरवरच्या मुलाने पाच-सहा हँडसेट पुढ्यात मांडले आणि पाढे म्हणावेत तसे सांगू लागला. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा, पाच हजार एमएएचची बॅटरी, एकशे वीस हर्ट्‌झचा डिस्प्ले. आम्ही विचारले, 'बाबा रे, याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे येणार?' मुलगा थबकला. 'काका, ते आपोआप येतं.' येतं, पण कुठपर्यंत? त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला. किंमत होती, तक्रारीचा नंबर होता, कॅमेऱ्याची तर जाहिरातच होती. मुदत तेवढी नव्हती. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर ती छापावी लागते, आणि दहा हजारांच्या वस्तूवर नाही!

हा सवाल आम्ही चोखंदळपणा म्हणून विचारत नाही. फोन ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात भोके असतात. ती सापडली की कंपनी ठिगळ पाठवते, त्याला अपडेट म्हणायचे. २०१५ पासून गुगल अँड्रॉइडमधील अशा दोषांची यादी वेळोवेळी जाहीर करत आले आहे. यादी जाहीर होते म्हणजे भोक कुठे आहे हे चोरालाही कळते. ज्या फोनला ठिगळ येते तो वाचतो. ज्याची मुदत संपली तो बाहेरून ठणठणीत दिसतो, फोन लागतो, व्हिडिओ दिसतो, पण त्याचे कुलूप सगळ्या गावाला माहीत झालेले असते.

आता हे ठिगळ कोणाला किती वर्षे मिळते ते पाहा. गुगलने २०२३ च्या ऑक्टोबरात पिक्सेल ८ आणला आणि सात वर्षे अपडेट देऊ असे सांगितले. सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २४ साठी तेच वचन दिले. हे फोन आपल्याकडे पंचाहत्तर-ऐंशी हजारांना आले. आठ-दहा हजारांच्या फोनला मात्र अनेकदा दोन, तीन, फार तर चार वर्षे. तीही बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजायची, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. म्हणजे सणाच्या सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून जो फोन आपण आनंदाने घरी आणतो, त्याची निम्मी मुदत गोदामातच संपलेली असू शकते. ऐंशी हजारवाल्याला सात वर्षांचे कुलूप आणि आठ हजारवाल्याला दोन वर्षांचे, ही उतरंड बाजाराने तयार केली आहे. उतरंड काय असते हे या पानाच्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, पैसे कमी तर सोय कमी, यात अन्याय कुठला? कॅमेऱ्याबद्दल हे म्हणणे आम्ही मान्य करू. फोटो थोडा धूसर आला तर बिघडत नाही. पण श्रीमंताच्या घरी फोनशिवाय लॅपटॉप असतो, बँकेत ओळख असते. वस्तीतल्या घरात एकच फोन. त्यावरच पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनची ई-केवायसी, मजुरीचे पैसे. २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी झाली तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवरच ओटीपी येत होता. ज्याच्याकडे एकच किल्ली आहे त्याला सर्वांत कच्चे कुलूप विकायचे, याला सोय म्हणत नाहीत.

स्वस्त फोनचे दुःख कोणी सर्वांत नेमके मांडले असेल तर ते आपल्या अंगणवाडी सेविकांनी. सरकारने त्यांना २०१९ साली मोबाईल दिले, दोन जीबी रॅमचे. २०२१ साली केंद्राचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप आले आणि बालकांची, गरोदर मातांची सगळी माहिती त्यात भरायची सक्ती झाली. फोन हँग होई, तापे. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपातही चांगल्या मोबाईलची मागणी होतीच. वर्तमानपत्रांनी ही बातमी मानधनाच्या आंदोलनाच्या रकान्यात टाकली. आमच्या मते तो या राज्यातला ग्राहक चळवळीचा मोठा लढा होता. निकृष्ट वस्तू, तिची दुरुस्ती आमच्या माथी, भाषा परकी, तर ही घ्या तुमची वस्तू परत! शहरातल्या शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकाने इतके धैर्य दाखवल्याचे आम्हाला आठवत नाही.

अपडेट आला की सगळे झाले असेही आम्ही म्हणत नाही. लग्नाची पत्रिका, गाडीचे चलन, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल येते. ती दाबली, मेसेज वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी चोराच्या हाती. इथे ऐंशी हजारांचा फोनही वाचेलच असे नाही, कारण दार आपणच उघडलेले असते. अशी फाईल उघडू नये, आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करावा, एवढे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा.

दुसरा चोर याहून मोठा आहे. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केले की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे चौदाशे जणांना लक्ष्य केले. भारतात ज्यांना तसा इशारा मिळाला त्यांत प्रा. आनंद तेलतुंबडे यांचेही नाव होते. त्याआधी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला होता. तरी २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार खात्याने हुकूम काढला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच घालून द्या. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घ्यावी लागली. चोरीचा फोन शोधायला ते अ‍ॅप उपयोगी आहे, आम्ही नाकारत नाही. पण ते ठेवायचे की नाही हे फोनचा मालक ठरवील. त्या हुकमात अ‍ॅपची सक्ती होती, अपडेटची मुदत सांगण्याची नव्हती, हे आम्हाला विशेष वाटते.

तशी सक्ती करता येते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे कंपनीला सांगावेच लागते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून आणखी पुढची पायरी गाठली. मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग. तिथे विकणाऱ्या अनेक कंपन्या इथेही विकतात. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. कायदा आहे, मग डब्यावर एक ओळ छापायला अडचण कोणती?

पुढचा काळ तर अधिक कठीण दिसतो. सगळ्या कंपन्या आता फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता घालायच्या मागे आहेत, त्याला मेमरी जास्त लागते. त्याच मेमरी चिप मोठमोठी डेटा सेंटर उचलू लागली, म्हणून २०२५ च्या अखेरीपासून त्या महागल्या. याचा चटका सर्वांत आधी स्वस्त फोनला बसतो, कारण त्यात नफ्याची जागाच थोडी. किंमत तरी वाढेल, नाहीतर मेमरी तरी कापली जाईल. मग माणूस जुनाच फोन आणखी दोन वर्षे ओढणार. म्हणूनच मुदत वाढवून घेण्याची मागणी आज व्हायला हवी. ग्राहक पंचायती, कामगार संघटना, विद्यार्थी संघटना यांनी ती आपल्या पत्रकात घालावी.

तोवर एक गोष्ट करता येते. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' म्हणून जागा असते, तिथे अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवले की शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. परवा शेजारच्या अभ्यासिकेतल्या पोरांना आम्ही ती पाहायला सांगितली. पाचांपैकी तिघांच्या फोनवर २०२३ सालची तारीख निघाली. त्यातला एक नुकताच त्याच फोनवरून परीक्षेची फी भरून बसला होता.